प्रवासपूर्व लसीकरण : बेळगाव सीमाभागातून उष्ण कटिबंधातील देशांत जाताना

परदेशी निघण्याआधी तिथल्या रोगांपासून बचाव व्हावा म्हणून घ्यायच्या लसी, प्रतिबंधक गोळ्या आणि त्यांचे कागद, या तयारीला प्रवासपूर्व लसीकरण म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या पट्ट्यातून यंत्रजोडणी, बांधकाम, जहाजावरील नोकरी, शांतिसेना किंवा हज यात्रेच्या निमित्ताने बाहेर पडणाऱ्यांना तिची गरज पडते. हा प्रदेश स्वतःच उष्ण कटिबंधात, साधारण १६ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. त्यामुळे युरोप-अमेरिकेच्या प्रवाशांसाठी केलेल्या याद्या इथे जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. विषमज्वर (टायफॉइड), हिपॅटायटिस-अ, डेंग्यू हे इथे घरचेच रोग. पीतज्वर (यलो फीव्हर) मात्र इथल्या शरीराला पूर्ण अनोळखी. ‘आम्ही विहिरीचं पाणी पिऊन वाढलोय, आम्हाला काय होतंय’ हे बोलणे पहिल्या गटापुरते अर्धे खरे, दुसऱ्याच्या बाबतीत धोक्याचे.

तयारी निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरू करावी. कंपनीचा व्हिसा आयत्या वेळी येतो आणि हातात पंधरवडाच उरतो, असे नेहमी होते. तशा वेळी पीतज्वर, विषमज्वर आणि हिपॅटायटिस-अ या लसी एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी टोचून घेता येतात.

पीतज्वर (यलो फीव्हर)

कायद्याने अडवणारी मुख्य लस हीच. केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, काँगो, अंगोला, तसेच ब्राझील, पेरू असे दक्षिण अमेरिकेतील देश या रोगाच्या पट्ट्यात येतात. ‘१७डी’ नावाच्या क्षीण केलेल्या जिवंत विषाणूपासून ही लस बनते. या रोगावरील संशोधनासाठी मॅक्स थायलर यांना १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात ती कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत तयार होते.

मात्रा ०.५ मिलिलिटर, एकदाच, बहुधा दंडावर त्वचेखाली. प्रमाणपत्र म्हणजे पिवळे कार्ड, आणि ते टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य होते. नवव्या दिवशी उतरलेला प्रवासी नियमाने लस न घेतलेलाच ठरतो. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आजन्म चालते. दहा वर्षांची मुदत छापलेली जुनी कार्डेही त्यात आली, त्यामुळे नूतनीकरणासाठी पुन्हा टोचून घेण्याचे कारण नाही.

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाचे नाव, एकेकाळी तिथे देवीची लस तयार होई त्यावरून पडले. पण पीतज्वराच्या लसीसाठी नावावर जाऊन चालत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्राच्या शिक्क्याशिवाय कार्डाला किंमत नाही. केंद्रांची यादी आरोग्य मंत्रालय प्रसिद्ध करते आणि ती बदलत असते. गोव्यातले मुरगाव बंदर, मुंबई आणि बेंगळूरु इथल्या केंद्रांकडे सीमाभागातून थेट रेल्वेने जाता येते. निघण्याआधी दिवस आणि नोंदणी नक्की करावी. एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि विरघळवल्यावर ती सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रे ठरावीक वारीच लस देतात. पावसाळ्यात बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटाच्या भरवशावर गोव्यातली वेळ घेऊ नये.

कार्डावरील नाव आणि क्रमांक पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. आडनाव आधी की वडिलांचे नाव आधी, यावरून सीमाभागात आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांचे जमत नाही. इथे फक्त पासपोर्ट प्रमाण. लसीचा उत्पादक व बॅच क्रमांक, डॉक्टरची हाताने केलेली सही आणि केंद्राचा शिक्का, यांतले एक जरी राहिले किंवा खाडाखोड झाली तरी कार्ड बाद होते. टेबलावरून उठण्यापूर्वी ते वाचून घ्यावे.

सहा महिन्यांखालील बाळे, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, थायमस ग्रंथीचा आजार असलेले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांना ही लस देत नाहीत. साठी ओलांडलेल्यांना पहिल्याच मात्रेत, क्वचित का होईना, यकृतापासून मेंदूपर्यंत गंभीर परिणाम होऊ शकतात, म्हणून प्रवास खरेच गरजेचा आहे का हे आधी पाहतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांचा निर्णयही डॉक्टरने तोलून घ्यायचा. गोवर किंवा कांजिण्यांची लस त्याच दिवशी घ्यावी, नाहीतर मध्ये २८ दिवस जाऊ द्यावेत.

भारत स्वतः या बाबतीत फार कडक आहे, आणि त्याला कारण आहे. पीतज्वर इथे कधी आढळलेला नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, गावोगाव आहे. रोग एकदा शिरला तर थांबवणे अवघड. म्हणून बाधित देशातून कार्डाविना परतलेल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, मग पासपोर्ट भारतीय असो की परदेशी. इथिओपियातल्या आदिस अबाबाला विमान बदलून परतणाऱ्याने विमानतळाबाहेर पाऊल टाकले नसेल तर आरोग्य अधिकारी सूट देऊ शकतो. पण सूट त्याच्या मर्जीवर असते, कार्ड असले की प्रवेश हक्काचा. बेळगावहून थेट बँकॉकला जाणाऱ्याला ही लस लागत नाही. तोच माणूस नैरोबीहून बँकॉकला गेला तर लागते.

इतर लसी

विषमज्वरासाठी हैदराबादच्या भारत बायोटेकची संयुग्मी लस एकाच मात्रेत, स्नायूत देतात. लहानपणी विषमज्वर होऊन गेला तरी संरक्षण टिकलेच असे नाही. हिपॅटायटिस-अ बहुतेक प्रौढांना नकळत होऊन गेलेला असतो. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या शहरी तरुणांचे तसे नाही, त्यांनी लस घ्यावी. हिपॅटायटिस-ब च्या तीन मात्रा ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. धनुर्वात-घटसर्पाची वर्धक मात्रा दर दहा वर्षांनी.

रेबीजची आगाऊ लस फक्त दूरच्या खेड्यात राहणार असाल तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने ती ० आणि ७ व्या दिवशी देतात. ती घेतली असली तरी कुत्रा चावल्यावर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन पुढच्या मात्रा घ्याव्याच लागतात. वाचतो तो इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा खटाटोप, जे परदेशी लहान गावात मिळेलच असे नाही.

हज-उमरासाठी मेंदूच्या आवरणदाहावरील चौगुणी (ए, सी, वाय, डब्ल्यू या चार जंतुप्रकारांवरील) लस पोहोचण्यापूर्वी किमान दहा दिवस घेतलेली हवी. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात डिसेंबर ते जून या कोरड्या महिन्यांत जाणाऱ्यांनाही ती लागते.

जुन्या नोंदी गोळा करताना एक अडचण येते. कर्नाटकातले तायी कार्ड (आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींचे) कन्नडात, तर कोल्हापूर-मिरजेत जन्मलेल्यांचे मराठीत. परदेशी दवाखान्यात दोन्हींचा उपयोग नाही. ओळखीच्या डॉक्टरकडून लसींची नावे व तारखा इंग्रजीत उतरवून, सही-शिक्का घेऊन ठेवावा.

हिवताप

प्रवाशांसाठी हिवतापाची (मलेरियाची) लस नाही. पुण्याच्या सीरम संस्थेत बनणारी ‘आर२१’ हिवतापग्रस्त भागातील बालकांसाठी आहे. आफ्रिकेत प्रामुख्याने फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप आढळतो आणि तिथे क्लोरोक्विन निरुपयोगी झाले आहे, म्हणून घरातल्या डब्यातली क्लोरोक्विनची पट्टी सोबत नेऊन फायदा नाही. तीन पर्याय उरतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल (२५०/१०० मिग्रॅ) रोज जेवणाबरोबर, एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर सात दिवसांपर्यंत. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ रोज, परतल्यावर चार आठवडे. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. उन्हाने कातडीही लवकर भाजते. आठ वर्षांखालील मुले व गरोदर स्त्रियांना ती नको. तिसरे मेफ्लोक्विन, आठवड्यातून एकदा २५० मिग्रॅ, दोन-तीन आठवडे आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे. फिट्स किंवा नैराश्याचा इतिहास असलेल्यांना ते देत नाहीत.

गोळ्यांचा कोर्स बहुतेक जण घरी पोहोचल्यावर सोडतात, आणि नेमके तेच चुकते. जंतू यकृतातून रक्तात उतरायला वेळ लागतो. परतल्यानंतरच्या गोळ्या त्याच्यासाठीच असतात. लहानपणी हिवताप झाला होता म्हणून अंगात ताकद आहे, हेही खरे नाही. ती थोडीफार प्रतिकारशक्ती वारंवार लागण होत राहिली तरच टिकते.

डास, पाणी, पोट

हिवतापाचा डास रात्री चावतो, डेंग्यूचा दिवसा, म्हणून एकट्या मच्छरदाणीवर भागत नाही. आधी सनस्क्रीन, मग डासरोधक मलम, हा क्रम पाळावा. जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे घरूनच न्यावीत. एक लिटरचे पाकीट एक लिटरमध्येच विरघळवायचे. पेल्यात अर्धे ओतून केलेले दाट पाणी जुलाब वाढवते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ.

मलप्रभेत पोहलेल्यांना व्हिक्टोरिया सरोवरात उतरायचा मोह होतो. तिथल्या गोड्या पाण्यात गोगलगायींतून बाहेर पडणारे शिस्टोसोमा जंतू कातडीतून शिरतात. आपल्याकडे असे उदाहरण फारच विरळ, कोकणातल्या गिमवीसारखे. पाण्यात उतरलेच असाल तर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून घ्यावी.

परतल्यावर

पहिल्या तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगावे, मी अमुक देशातून आलो आहे. खानापूर, दोडामार्ग, सत्तरीच्या जंगलपट्ट्यात डिसेंबर ते मे या काळात ताप म्हटला की गोचीड आणि माकडताप डोळ्यांसमोर येतो, पावसाळ्यात डेंग्यू; आफ्रिकेतला हिवताप सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही, आणि फॅल्सिपॅरम काही दिवसांत जीव घेऊ शकतो. रक्ताचा काचपट्टीवरील तपास त्याच दिवशी व्हायला हवा. पहिला निकाल नकारात्मक आला तरी बारा ते चोवीस तासांच्या अंतराने एकूण तीनदा तो करतात.