मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मामांचं 'पित्त'

मामा सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमाग कारखान्यात कामाला. एका सकाळी चहा पिऊन उठले आणि दारापर्यंत जाताना तीनदा भिंतीला धडकले. शेजारचा त्यांच्याच वयाचा मित्र हसला, "काय बे, सकाळी सकाळी टाकून आलास का?" मामांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या, तेव्हा मामी म्हणाली पित्त खवळलंय, आणि लिंबू पिळायला धावली. अंगावरून वारं गेलं असेल, म्हणजे लकवा असेल, अशी शंका कुणालाच आली नाही. तोंड वाकडं नाही, हातपाय उचलतायत, मग वारं कसलं?

हा हिशेब तसा बरोबर होता, पण तो मोठ्या मेंदूचा होता. बिघाड झाला होता लहान मेंदूत.

या घोळाला निम्मं कारण नावाचं आहे. शाळेच्या पुस्तकातलं प्रमस्तिष्क म्हणजे मोठा मेंदू. कवटीचा बहुतेक भाग त्याचाच. अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू, डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर, मुठीएवढा. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळ्या मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे तो हाताखालचा पोऱ्या वाटतो. पण पेशी मोजल्या की चित्र उलटतं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या सुमारे ६,९०० कोटी या मुठीएवढ्या गोळ्यात. मोठ्या मेंदूच्या सुरकुतलेल्या सालीत, जिला आपण बुद्धीचं घर म्हणतो, तिथे १,६०० कोटींच्या आसपास.

दोघांची कामं वेगळी कशी, हे फ्लुरांस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२४ च्या सुमारास कबुतरांवर दाखवलं. प्रयोग क्रूर होता, पण उत्तर लख्ख मिळालं. मोठा मेंदू काढलेलं कबुतर जागच्या जागी बसून राही, आपणहून काही करत नसे. हवेत फेकलं मात्र की नीट उडे. लहान मेंदू काढलेल्याची गत उलटी. उडायची धडपड दिसे, पंखात जोरही असे, पण फडफड जुळत नसे. एकात इच्छा गेली होती, दुसऱ्यात जुळणी.

सोलापूरकराला जुळणी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. त्या उंच, सजवलेल्या काठीचा भार पेलणाऱ्याकडे बघा. 'उचल, चाल' हा हुकूम मोठ्या मेंदूचा. पण वरचं टोक वाऱ्यानं बोटभर कललं, तर कमरेनं किती सरकायचं याचा विचार करत बसलात तर काठी खालीच येईल. हुकमाची एक प्रत लहान मेंदूकडे जाते, सांध्यांकडून, स्नायूंकडून, आतल्या कानाकडून खबर येते, आणि ठरलं काय नि घडतंय काय यांतला फरक तो चालता चालता भरून काढतो. चूक झाली की पुढच्या वेळचा अंदाजही सुधारून ठेवतो. यात्रेआधी नंदीध्वजाचा सराव चालतो, त्यात खांद्या-कमरेइतकाच हाही तयार होत असतो. परातीकडे न बघता पातळ, गोल कडक भाकरी थापणाऱ्या बाईचंही तेच.

म्हणून दोघांच्या आजाराचं रूप निराळं. मोठ्या मेंदूतली हालचालीची जागा मेली तर ताकद जाते, तीही उलट्या बाजूची. डावीकडच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली, तर उजवा हात लुळा. डाव्या भागात अनेकदा वाचाही जाते. लहान मेंदूत ताकद राहते, नेम जातो. बोट नाकाला लावायला सांगितलं तर ते गालावर जातं, पाय फाकून चालावं लागतं, शब्द लडबडतात. दारूचा परिणाम याच भागावर ठळक होतो, त्यामुळे मित्राचा विनोद अगदीच निराधार नव्हता. आणि इथे बाजू उलटत नाही. लहान मेंदूचा उजवा भाग मोठ्या मेंदूच्या डाव्या भागाशी जोडलेला, आणि तो डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. दोनदा ओलांडलं की माणूस परत आपल्याच काठावर.

लहान मेंदू फक्त तोल सांभाळतो, हेही आता अपुरं वाटतं. भाषा, नियोजन, भावना यांतही त्याचा हात असल्याचे पुरावे गेल्या काही दशकांत जमले आहेत. २०१४ मध्ये चीनमधल्या चोवीस वर्षांच्या एका बाईची नोंद आली. चक्कर आणि मळमळ म्हणून तपासली, तर तिला लहान मेंदू जन्मतःच नव्हता. चालायला आणि बोलायला उशिरा शिकली, पाऊल डगमगत होतं, पण संसार करत होती. जन्मापासूनच नसेल तर बाकीचा मेंदू पुष्कळ सांभाळून घेतो. पन्नाशीत अचानक गेला तर तेवढी उसंत मिळत नाही.

उसंत नसण्याचं आणखी एक कारण जागेचं. कवटीतली मागची खोबण अरुंद आहे. लहान मेंदू सुजला की शेजारचा, श्वास चालवणारा मेंदूचा देठ दाबला जातो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते तास लिंबू पिळण्यात जातात. अचानक उभंच राहता येईना, चक्कर आणि उलट्या एकदम सुरू झाल्या, तर पित्ताचा विचार नंतर, आधी मोठा दवाखाना.

मामांना भाच्यानं दुपारी नेलं, म्हणजे मीच. साध्या सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही; या भागात गुठळीनं झालेला ताजा बिघाड त्यात बऱ्याचदा निसटतो. तरुण डॉक्टरांनी मामांना उजव्या हातानं स्वतःच्या नाकाला आणि मग डॉक्टरांच्या बोटाला शिवायला सांगितलं. हात थरथरत भलतीकडे गेला. डाव्यानं मात्र बरोबर शिवलं. डॉक्टर वळून म्हणाले, "एमआरआय करा, लहान मेंदूची उजवी बाजू बघायचीय." तिथेच होतं.