मधुमेहातून किडनी बिघडली, तर जन आरोग्य योजनेचा लाभ कसा घ्यायचा? ठाणे, कळवा, नवी मुंबईतल्या घरांसाठी

एप्रिल २०२० मध्ये मामांना डायलिसिसवर घ्यायचं ठरलं. वीस वर्षांची साखर शेवटी किडनीवर उतरली होती. रेशन कार्ड घरात होतं, पण त्यावर नाव 'बाळू' आणि आधारवर 'बाळकृष्ण'. एरवी शिधावाटप कार्यालयात दोन खेपा मारून ते दुरुस्त झालं असतं. तेव्हा टाळेबंदी होती, लोकल बंद होती. त्यात नेहमीच्या खासगी रुग्णालयाने कोविडचा निगेटिव्ह अहवाल हातात आल्याशिवाय मशीनवर घ्यायचं नाकारलं. ते दोन दिवस मामा उशीला टेकून बसूनच झोपत होते, आडवं झालं की दम लागायचा. म्हणून कळकळीने सांगते, जन आरोग्य योजनेसाठी लागणाऱ्या कागदांची फाइल क्रिएटिनिन (किडनी नीट काम करेना की रक्तात साचणारा टाकाऊ घटक) वाढायला लागल्यावरच तयार करा, डायलिसिसचा दिवस उजाडेपर्यंत थांबू नका.

फाइलची सुरुवात तपासणीपासून होते. टाइप टू मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा दोन तपासण्या करायच्याच: रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, काढतात) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, किंवा लघवीतून अल्ब्युमिन जातच राहिलं, तर तो किडनीचा जुनाट आजार. दुखत काहीच नाही, म्हणूनच लोक गाफील राहतात. हे सगळे अहवाल तारखेप्रमाणे लावून ठेवा.

पात्रता आता सोपी झाली आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आधी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती. मे २०२० मध्ये महासाथीमुळे ती पांढऱ्या कार्डवाल्यांनाही खुली झाली आणि जुलै २०२४ पासून विस्तारित योजनेत तिन्ही रंगांची कार्डं चालतात. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचारांचं संरक्षण, किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत. घरात सत्तरी गाठलेलं कोणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढा. ते आधारवर निघतं, उत्पन्नाची अट नाही.

कागद थोडेच आहेत: रेशन कार्ड, रुग्णाचं आधार, अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी. खरी अडचण कागदांच्या आतल्या मजकुरात असते. रुग्णाचं नाव कार्डात आहे का, आधारशी जुळतं का, कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक माहीत आहे का, हे आज संध्याकाळीच पाहा. मोठ्या मुलाचं कार्ड वेगळं झालं आणि आईचं नाव दोन्हीकडून गळलं, असं आमच्याच चाळीत दोन घरांत झालंय. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू हवा, कारण आयुष्मान कार्ड काढताना ओटीपी त्यावर येतो.

मग योजनेतल्या रुग्णालयात जायचं आणि आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाचा, टेबल शोधायचा. ठाण्यात सिव्हिल किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय, इथून चौकशी सुरू करा. आपल्याला लागणारा उपचार योजनेतून तिथे मिळतो का, आणि नसेल तर जवळ कुठे, हे स्पष्ट विचारा. आरोग्यमित्र नोंदणी करतो, रुग्णालय पूर्वमंजुरीसाठी प्रस्ताव ऑनलाइन पाठवतं, मंजुरी आली की उपचार. तातडी असेल तर फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. 'कागद पूर्ण करून उद्या या' हे दम लागलेल्या माणसासाठी उत्तर नव्हे.

फिस्टुलाबद्दल आधीच विचारा. डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून छोट्या शस्त्रक्रियेने हाताची शीर धमनीला जोडतात, तो फिस्टुला. जोडल्यावर ती शीर सुईसाठी तयार व्हायला काही आठवडे जातात. मामांना तेवढा वेळच मिळाला नाही, मानेतल्या नळीवर दिवस काढावे लागले. फिस्टुला पुढे झाला. आता त्या हातावर बोट ठेवलं की थरथर लागते, ती रोज तपासायची. त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, बीपीही मोजू द्यायचं नाही.

कोविडसारखी साथ पुन्हा आली तर डायलिसिसची एक फेरीही चुकवू नका. अंगात पाणी आणि पोटॅशियम साचतं, ते साथ संपायची वाट पाहत नाही. अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नका. ताप, उलट्या, जुलाब झाले तर बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाही हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयाच्या लोकांना कोविडची लस मिळाली, ती आजाराचं डॉक्टरी प्रमाणपत्र असेल तरच. ज्यांच्याकडे जुन्या चिठ्ठ्या होत्या त्यांना ते झटपट मिळालं. डिस्चार्ज कार्ड कधीच टाकू नका.

योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी कोणी पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तिथूनच फोन लावा.