केशवराव भोसले : गाणाऱ्यामागचा मालक

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा केशवरावांची जयंती अवघ्या काही तासांवर आली होती. लाकडी रंगमंच गेला, छप्पर गेलं, दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. त्यानंतर जे लिहून आलं त्यात बहुतेक ठिकाणी ते ‘थोर गायक नट’ एवढेच उरले. ते कंपनीचे मालक होते, ही गोष्ट मागे पडली, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

जन्म १८९० चा. पोरवयातच नाटक कंपनीत आले आणि ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं नाव झालं. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक कंपनी काढली तेव्हा वय सतरा. त्या काळची कंपनी म्हणजे फिरतं बिऱ्हाड. नट, साजिंदे, आचारी, पडदे, पेट्या, सगळा लवाजमा घेऊन गावोगाव मुक्काम. खेळ पडला तरी दोन वेळची पंगत उठलीच पाहिजे. हा भार वाहणाऱ्या मालकानं जुन्या, चालत्या नाटकांवरच विसंबून राहिलं असतं तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र हुंड्यावरचं ‘हाच मुलाचा बाप’ रंगमंचावर आणलं.

पुढचा घोळ ‘संयुक्त’ या शब्दाचा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं. हे वेगळं नाटक नव्हे. मूळ ‘मानापमान’ १९११ चंच. दोन कंपन्या एक झाल्या असंही नव्हे. स्वातंत्र्यलढ्याच्या टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांची ‘गंधर्व’ आणि केशवरावांची ‘ललितकलादर्श’ यांनी मिळून खेळ केला, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. बालगंधर्व नायिका भामिनी, केशवराव नायक धैर्यधर. एकेकाळी दोघंही स्त्रीभूमिका करणारे. केशवराव तोवर पुरुषभूमिकांकडे वळले होते, म्हणूनच ही जोडी समोरासमोर उभी राहू शकली.

त्या रात्री कोण सरस ठरलं, यावर आजही हिरिरीनं वाद होतात. या वादात मालकाचा निर्णय झाकला जातो. गाणं हेच दोन्ही कंपन्यांचं भांडवल. माईक नव्हता, ऑर्गन आणि तबल्याच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते गळ्याच्या जोरावर. अशा वेळी धंद्यातल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याशेजारी उभं राहायचं आणि तुलना ओढवून घ्यायची. गाणं फिकं पडलं असतं तर पुढच्या मुक्कामाच्या तिकीटविक्रीवर त्याचा परिणाम दिसला असता. नुसत्या नटापेक्षा मालकाला हा धोका कितीतरी मोठा.

तीन महिनेही झाले नाहीत आणि ४ ऑक्टोबर १९२१ ला विषमज्वरानं केशवराव गेले. वय एकतीस. मालक गेला की कंपनी मोडायची, हा त्या काळचा नेहमीचा अनुभव. ‘ललितकलादर्श’ एका सहकाऱ्यानं चालवली. पुढे काही काळ खंड पडला, पण त्याच्या मुलानं ती पुन्हा उभी केली आणि १९५७ साली याच नावाखाली ‘दुरितांचे तिमिर जावो’ रंगमंचावर आलं. जळालेलं नाट्यगृह म्हणजे कोल्हापूरचं संस्थानी काळातलं पॅलेस थिएटर; त्याला केशवरावांचं नाव मिळालं ते त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी.