यरुशलेमचा ठराव आणि त्यातले चार निषेध

तारण मोशेचे नियमशास्त्र (सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे नियम) पाळून मिळते की देवाच्या कृपेने, हा प्रश्न आज धर्मशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. पण तो उभा राहिला जेवणाच्या पंगतीत. अंत्युखियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या अंताक्यात, इ.स. ४० नंतरच्या काही वर्षांत येशूवर विश्वास ठेवणारे यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, एकत्र जेवू लागले होते. यहूदीयातून आलेल्या काही जणांनी सांगायला सुरुवात केली की, सुंता केल्याशिवाय तारण नाही. वाद विकोपाला गेला आणि प्रकरण यरुशलेमात नेण्यात आले. ही बैठक साधारण इ.स. ४८ ते ५० दरम्यानची मानतात.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या १५ व्या अध्यायात बैठकीचा वृत्तांत आहे. परराष्ट्रीयांवर सुंतेची सक्ती नाही, असे ठरले. एवढ्यावर भागले असते तर वाद तिथेच मिटला असता. पण येशूचा भाऊ आणि यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्या सूचनेवरून ठरावात चार निषेध घातले गेले: मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म. हेच चार का? जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १७ व्या आणि १८ व्या अध्यायांत इस्राएलात राहणाऱ्या परक्यांसाठीही बंधनकारक असलेले नियम आहेत, आणि ठराव कळवणाऱ्या पत्रातला चार निषेधांचा क्रम त्यांच्याशी जुळतो. पुष्कळ अभ्यासक हेच उत्तर देतात. मलाही ते पटते, कारण मग ठरावाचा हेतू उघड होतो: परराष्ट्रीयाला यहूदी करायचे नाही, पण यहूदी विश्वासणाऱ्याला त्याच्या ताटाशेजारी बसता आले पाहिजे. याकोबाला कर्मठ ठरवणारी प्रवचने आपण ऐकतो, त्यांत या तडजोडीचा उल्लेख क्वचितच येतो.

परराष्ट्रीयांत प्रचार करणारा प्रेषित पौल याचा स्वतःचा वृत्तांत वेगळा आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, आपल्याला फक्त गरिबांची आठवण ठेवायला सांगितले गेले. चार निषेधांचा तिथे मागमूस नाही. करिंथकरांना मूर्तीपुढच्या अन्नाबद्दल तो तीन अध्याय लिहितो, तरी ठरावाचा हवाला देत नाही. उलट बाजारात विकले जाणारे मांस चौकशी न करता खा, म्हणतो. म्हणून काही जण मानतात की, ठराव पौलाच्या पाठीमागे किंवा नंतर झाला. काहींच्या मते गलतीकरांतली भेट आणि कृत्यांतली बैठक एकच नव्हे.

गलतीकरांच्या पत्रातच अंत्युखियातला प्रसिद्ध खटका आहे. याकोबाकडून काही माणसे आल्यावर येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, पौलाचा सोबती बर्णबाही त्याच्यामागे गेला, आणि पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत सुनावले. पेत्राने काय उत्तर दिले, ते पौल लिहीत नाही. पौल जिंकला असता तर त्याने ते सांगितले असते, असा तर्क करणारे बरेच आहेत. पौलाचे वागणेही एकसुरी नव्हते: आपल्या दोन सहकाऱ्यांपैकी तीताची सुंता होऊ दिली नाही, तीमथ्याची मात्र त्याने स्वतः केली, आणि शेवटच्या यरुशलेम भेटीत याकोबाच्या सांगण्यावरून चौघांच्या यहूदी रीतीच्या नवसाचा खर्चही उचलला.

ठरावाचा मजकूरही एकसारखा उरला नाही. केंब्रिजमध्ये असलेल्या एका जुन्या ग्रीक-लॅटिन हस्तलिखितात ‘गळा दाबून मारलेले’ हे शब्दच नाहीत, आणि त्याऐवजी, स्वतःला जे नको ते दुसऱ्याला करू नका, अशी भर आहे. एक शब्द गळाला की ठराव बदलतो: रक्त म्हणजे खून, आणि उरतात मूर्तिपूजा, खून, जारकर्म. स्वयंपाकघरातला नियम नीतीचा होतो. कार्थेजच्या एका लेखकाने इ.स. १९७ च्या सुमारास बजावले होते की, ख्रिस्ती लोक जनावराचे रक्तही खात नाहीत. तोच पुढे दुसऱ्या ग्रंथात तीन महापापांचा अर्थ लावतो. १७७ साली आजच्या फ्रान्समधल्या ल्योंतल्या छळात, ख्रिस्ती लोक मुले खातात या आरोपाला एका स्त्रीने दिलेले उत्तरही रक्ताच्या निषेधावरच होते: ज्यांना पशूचे रक्तही वर्ज्य, ते मुले कशी खातील?

मधल्या काळात प्रश्नच उलटा झाला होता. ७० साली मंदिर पडले, १३५ नंतर यहुद्यांना यरुशलेमात प्रवेश उरला नाही, आणि परराष्ट्रीय बहुसंख्य झाले. दुसऱ्या शतकाच्या मध्याला एक ख्रिस्ती लेखक म्हणतो की, नियमशास्त्र पाळणारा विश्वासणारा तरेल, जोवर तो इतरांवर सक्ती करत नाही. मात्र हे न मानणारे ख्रिस्ती आहेत, अशी कबुलीही देतो. ४०४ साली बेथलेहेमातल्या एका विद्वानाने अशा लोकांना ना यहूदी ना ख्रिस्ती म्हणून निकालात काढले.

त्याच्याशी पत्रवाद घालणारा हिप्पोचा बिशप पुढे वेगळ्याच वादात शिरला: माणूस स्वतःच्या इच्छेने चांगले करू शकतो का? तेव्हापासून पश्चिमेत ‘नियमशास्त्र’ म्हणजे सुंता आणि शब्बाथ न राहता माणसाची धडपड झाली. सोळाव्या शतकातल्या जर्मन भाषांतरकाराने पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या ३:२८ मध्ये, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो या वाक्यात, ‘केवळ’ शब्द घातला तो हाच अर्थ धरून. यहूदी धर्मावर ‘पुण्य कमावण्याचा’ शिक्का बसला तोही यातूनच; १९७७ मध्ये एका अमेरिकन अभ्यासकाने यहूदी ग्रंथ नीट वाचून तो शिक्का चुकीचा असल्याचे मांडले. १९९९ मध्ये ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी कृपेबद्दल संयुक्त जाहीरनामा केला.

चार निषेधांची वाट मात्र निराळी. रोमने १४४२ मध्ये इजिप्तच्या कॉप्टिक मंडळीसाठीच्या फर्मानात ते त्या काळापुरते होते असे ठरवले, आणि सुंता किंवा शब्बाथ पाळणारा तारणाला मुकतो असेही. या दोन्ही गोष्टी पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आल्या. डुकराचे रक्त घालून केलेले सोरपोतेल तिथल्या कॅथलिक घरांत सणाला रांधले जाते, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. दुसरी बाजू भीषण आहे: १५६० मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, गुपचूप मोशेचे नियमशास्त्र पाळतात म्हणून धर्मांतरित यहुद्यांना पकडले. औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथासाठी प्रसिद्ध असलेल्या एका पोर्तुगीज वैद्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली.

पूर्वेकडच्या मंडळीने निषेध सोडला नाही. ६९२ च्या कॉन्स्टँटिनोपलमधल्या परिषदेचा ६७ वा नियम प्राण्याचे रक्त खाण्यास मनाई करतो. इथिओपियात सुंता होते, डुकराचे मांस वर्ज्य आहे आणि रविवारबरोबर शनिवारही मानला जातो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उगम पावलेल्या एका पंथाने तर १९४५ पासून ठरावातल्या रक्ताच्या निषेधाचा आधार घेऊन रक्त चढवून घेणेही वर्ज्य ठरवले. त्यांचे सदस्य तसे लिहिलेले कार्ड खिशात बाळगतात.