औषध अंगात राहणं वेगळं, औषध लागू न पडणं वेगळं

फोंड्याच्या मार्केटात परवा रोहू घेत होते तर बाजूची काकी म्हणाली, "नको गो, तळ्यातल्या माशात अँटिबायोटिक असतं, ते खाऊन मग आपल्याला औषध लागू पडत नाही." तिची काळजी खरीच आहे पण त्यात दोन गोष्टी मिसळल्यात, आणि 2018 ला मासे टिकवायला फॉर्मेलिन मारतात अशी भीती बसली तेव्हापासून आपल्याकडे गोव्यात माशाचं काहीही निघालं की सगळं 'केमिकल'मध्येच जातं, म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे अंश, रेसिड्यू, म्हणजे माशाच्या अंगात उरलेलं औषध. माशांना रोग आला, खाद्यातून ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, तर ते थोडे दिवस माशाच्या मांसात राहतं आणि मग हळूहळू बाहेर पडतं, म्हणून औषध बंद केल्यावर लगेच मासा काढायचा नसतो. अमेरिकेत कॅटफिशला, म्हणजे आपल्या मांगूरसारख्या मिशांच्या माशाला, ह्या औषधासाठी 21 दिवस थांबतात. थांबलं की विषय संपला, एवढं ते सोपं आहे.

दुसरी गोष्ट रेझिस्टन्स, म्हणजे बॅक्टेरियावर औषध लागू न पडणं, तो तसा संपत नाही. मुळात रेझिस्टंट मासा होत नाही, बॅक्टेरिया होतो, माशाच्या आतड्यातला, पाण्यातला, तळाच्या चिखलातला. औषधाने कमजोर बॅक्टेरिया मरतात, तगडे उरतात, आणि ते आपला जीन शेजारच्या दुसऱ्याच जातीच्या बॅक्टेरियाला सुद्धा देऊ शकतात. त्यात खरा आजारी मासा खाणंच सोडतो, म्हणजे औषधाचं खाद्य जातं धडधाकट माशांच्या पोटात, आणि त्यातलंही बरंचसं न पचता विष्ठेतून चिखलात. म्हणून लॅबमध्ये मासा अंशाच्या टेस्टला एकदम क्लीन निघाला तरी त्याच्यावर रेझिस्टंट बॅक्टेरिया असू शकतो, हे लोकांना पटतच नाही.

सत्तरी तालुक्यात माझ्या मामाचं माशांचं छोटं तळं आहे. माशांच्या पोटावर लाल चट्टे आले तेव्हा दुकानदाराने काही न विचारता ऑक्सिटेट्रासायक्लिनची पावडर दिली, मामाने तेलात कालवून खाद्याला चोळली, आणि त्या वर्षी मासे वाचले. पुढच्या वर्षी तीच पावडर, तोच डोस, पण मासे रोज मरतायत. शेवटी मासा लॅबला नेला. तिथे प्लेटीवर बॅक्टेरिया वाढवून औषधाच्या बारीक चकत्या ठेवतात, औषध चालत असेल तर चकतीभोवती साफ गोल पडतो. आमच्या प्लेटीत ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या चकतीला अगदी चिकटून एरोमोनास नावाचा बॅक्टेरिया वाढलेला, गोलच नाही. मामा त्या प्लेटीकडे कितीतरी वेळ बघत होता.

आता घरातलं. नीट शिजवलं की बॅक्टेरिया मरतो, अंश मात्र शिजवून पूर्ण जाईलच असं नाही. म्हणजे बॅक्टेरियाचा धोका कढीत कमी आणि विळीवर जास्त, हाताला चीर असताना मासे कापू नका, एरोमोनास जखमेतून आत जातो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिक्स आपल्या देशात मत्स्यशेतीत बंदच आहेत. 2019 मध्ये जनावरांना आणि माशांना कॉलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला बंदी आली ती मात्र अंशापेक्षा रेझिस्टन्ससाठी, माणसाच्या हॉस्पिटलात दुसरं काही चालेनासं झालं की तेच शेवटी काढतात.

रोगच येऊ नये म्हणून मामाने ह्या मे महिन्यात तळं पूर्ण सुकवलं, चुना टाकला, बीज कमी सोडलं, पहाटे ऑक्सिजन कमी पडून मासे वर येऊन तोंड मारायला लागतात म्हणून पाणी ढवळायला पंप लावला. पावडरीचा उरलेला डबा त्याने दुकानात परत नेऊन ठेवला.