पार्श्वभूमी : शहापूर-मुरबाडचे कर्करुग्ण आणि ‘रेफर’ हा शेरा

परळचं टाटा कर्करुग्णालय १९४१ साली उघडलं. पुढची कित्येक वर्षं शहापूर-मुरबाडच्या माणसाला तिथवर नेणारी यंत्रणा म्हणजे मुंबईत खोली असलेला एखादा नातेवाईक. त्याच्याकडे उतरायचं, रांगही त्यानंच लावायची. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. लक्षणं समजावणारी माणसं गावोगाव फिरू लागल्यावर तिथल्या बायका गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असतानाच येऊ लागल्या. हा धडा आपल्या ठाणे जिल्ह्याला उशिरानंच मिळाला.

२००२ पासून टाटाचं खारघरचं केंद्र, २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल. आसनगावहून ठाण्याला गाडी बदलायची, पनवेल लोकल पकडायची, खारघरला उतरून रिक्षा. डबा अपंग आणि कर्करुग्णांसाठी राखीव असतो, पण कसारा लोकलच्या सकाळच्या गर्दीत त्यात चढून दाखवावं. मुरबाडला रेल्वेच नाही, तिथून आधी एसटीनं कल्याण गाठायचं.

२०१६ मध्ये केंद्र सरकारनं तिशीपासूनच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करायचे निर्देश काढले. आशाताई फॉर्म भरू लागल्या, आरोग्य केंद्रात टॉर्च लावून तोंडं तपासली जाऊ लागली. घोळ सुरू झाला तो यानंतर, आणि तो एका शब्दाचा आहे.

गालात पांढरा चट्टा दिसला की कागदावर ‘रेफर’ लिहितात. लिहिणाऱ्याच्या लेखी रुग्ण पाठवला गेला, काम संपलं. रुग्णाच्या लेखी चिठ्ठी मिळाली. तो पोचला का, हे कुणी बघायचं? एक बाजू म्हणते, प्राथमिक केंद्राची जबाबदारी पाठवण्यापर्यंतच, पुढचं मोठ्या रुग्णालयाचं. मोठं रुग्णालय म्हणतं, आम्ही आमच्या दारात आलेला रुग्ण बघतो, न आलेला आम्हाला कसा कळणार? दोघंही कागदोपत्री बरोबर आहेत. मला मात्र पहिली बाजू जास्त सोयीची वाटत आली आहे, कारण ‘रेफर’चा आकडा अहवालात चांगला दिसतो.

अशी एक चिठ्ठी मी पाहिली आहे. चार घड्या पडलेली, वर फक्त ‘हायर सेंटरला दाखवणे’. कुठलं सेंटर, कुठला विभाग, कुठल्या वारी, काही नाही. त्या गृहस्थांनी मधल्या काळात कल्याणला खाजगीत गाठ काढून घेतली होती. मोठ्या रुग्णालयानं बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागितले, तेव्हा ते आणायला पुन्हा कल्याण. ‘ब्लॉक जपून ठेवा’ हे एक वाक्य चिठ्ठीवर असतं तर ती खेप वाचली असती.

पैशाची बाजू २०१२ नंतर बदलली. मोफत उपचारांच्या आजच्या महात्मा फुले योजनेची सुरुवात त्या वर्षी आठ जिल्ह्यांत झाली. दीड लाखाची मर्यादा अलीकडे पाच लाखांवर गेली. पण आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो योजनेतल्या रुग्णालयात, गावात नाही. रेशनकार्डावर नाव चुकलेलं असेल तर ते काउंटरवर कळतं. रुग्णवाहिकांचंही तसंच: १०८ तातडीसाठी, १०२ मुख्यतः बाळंतिणींसाठी, आणि ठरल्या तारखेची किमो दोन्हींत बसत नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रं उघडायची घोषणा झाली, पहिल्या वर्षी २००. दर तीन आठवड्यांची किमो ठाण्यात मिळाली तर खारघरच्या खेपा नक्की कमी होतील. लाइटचं, म्हणजे रेडिएशनचं, तसं नाही. ती आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे घ्यावी लागते आणि मध्ये खंड पडून चालत नाही. जुलैत लाइट सुरू झालेली मुरबाडची बाई भाताच्या लावणीला चार दिवस म्हणून घरी येते, आणि ती परत गेली का हे विचारायला तिच्या दारात कुणाला पाठवायचं, ते अजून ठरलेलं नाही.