शाश्वत भूदृश्यरचना : विद्यापीठीय अध्यापन व संशोधन

जमिनीचा उतार, पाणी, माती, झाडे आणि माणसाचा वावर यांची सांगड घालून मोकळ्या जागांची आखणी करणारी विद्याशाखा म्हणजे भूदृश्यरचना. महाविद्यालयांत आणि व्यवसायात तिला सरसकट लँडस्केप आर्किटेक्चर किंवा नुसते लँडस्केप म्हणतात. बंगल्यापुढची हिरवळ आणि कारंजे एवढीच तिची ओळख लोकांच्या मनात उरली आहे, हे तिचे दुर्दैव. नदीकाठ, टेकड्या, बंद पडलेल्या दगडखाणी, महामार्गांच्या कडा, अख्ख्या शहराचे पावसाळी पाणी, हे सगळे तिच्या कक्षेत येते. केलेली रचना टँकरच्या पाण्यावर आणि विकतच्या मातीवर न जगता तिथल्या पाऊसपाण्यावर टिकावी आणि तिने आसपासची निसर्गव्यवस्था मोडू नये, या हेतूने चालणारे अध्यापन व संशोधन हा या नोंदीचा विषय आहे.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९०० साली या विषयाचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. युरोपात नॉर्वेतील ओस येथे १९१९ मध्ये, तर इंग्लंडमध्ये रेडिंग येथे १९३० मध्ये शिक्षण सुरू झाले. या सुरुवातीच्या काळात भर होता तो उद्यानकलेवर आणि चित्रासारख्या देखण्या मांडणीवर. निसर्गविज्ञान या विषयाच्या केंद्रस्थानी आले ते फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेले इयन मॅकहार्ग (१९२०–२००१) यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यात तिथला विभाग उभा केला आणि रचनाकारांच्या जोडीला भूशास्त्रज्ञ, जलशास्त्रज्ञ, मृदाशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ शिकवायला आणले. जागा हातात आली की आधी रेघ मारायची नाही, आधी ती वाचायची, हा विभागाचा दंडक होता. वाचायचा क्रमही ठरलेला असे. तळाचा खडक, त्यावरची माती, भूजल, पृष्ठजल, वनस्पती, प्राणी आणि सर्वांत शेवटी माणसाची वस्ती. हा क्रम खालून वर जातो, कारण खालचा थर वरच्याला घडवतो. खडक कळला की माती कळते, माती कळली की झाड का जगले आणि का मेले तेही कळते.

मॅकहार्ग यांची नकाशांवर नकाशे चढवण्याची रीत याच शिस्तीतून आली. एकेक बाब एकेका पारदर्शक कागदावर काढायची. एकावर उतार, दुसऱ्यावर निचरा, तिसऱ्यावर धूप होणारी माती, चौथ्यावर जंगल, पाचव्यावर वस्ती. जिथे बांधकामाने नुकसान जास्त, तिथे रंग गडद. सगळे कागद एकावर एक ठेवून खालून उजेड सोडला की फिकट राहिलेला पट्टा आपोआप दिसतो. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील रिचमंड पार्कवे या रस्त्याचा पर्यायी मार्ग त्यांनी असाच शोधला. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिझाइन विथ नेचर’ या त्यांच्या ग्रंथामुळे ही रीत जगभरच्या विद्यापीठांत पोहोचली. आता तेच काम संगणकावर जीआयएस, म्हणजे नकाशांचे थर हाताळणाऱ्या भौगोलिक माहिती प्रणालीत काही मिनिटांत होते. तरी हाताने काढलेल्या नकाशात विद्यार्थ्याला प्रत्येक थरासाठी जागेवर जावे लागे, हा फायदा मोठा होता. तयार माहिती उतरवून घेताना तो हातचा निसटतो.

मॅकहार्ग यांच्या पद्धतीत दाट शहर आणि तिथला गरीब माणूस मागे राहिला, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर त्यांच्याच विद्यार्थिनीने दिले. ॲन व्हिस्टन स्पर्न यांनी १९८७ पासून पश्चिम फिलाडेल्फियात दीर्घ संशोधन चालवले. त्या भागातला मिल क्रीक हा ओढा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या गटारात बंदिस्त करून वर भराव टाकला गेला आणि भरावावर घरे उठली. पुढे दशकानुदशके रस्ते आणि घरे खचत राहिली. ओसाड भूखंड नकाशावर मांडल्यावर स्पर्न यांच्या लक्षात आले की त्यांची रांग जुन्या ओढ्याच्या पात्रावरून जाते. मोहल्ला उजाड झाला त्याचे खापर रहिवाशांवर फुटत होते, आणि ओढा मात्र जमिनीखालून वाहतच होता. तिथल्या शाळेतली मुले या कामात उतरली, जुने नकाशे वाचू लागली आणि पाणी साठवणाऱ्या मोकळ्या जागांचे आराखडे मांडू लागली. पावसाचे पाणी मोठ्या वाहिन्यांत ढकलण्याऐवजी जागच्या जागी मुरवण्याचा पंचवीस वर्षांचा कार्यक्रम फिलाडेल्फिया शहराने २०११ पासून हाती घेतला.

पुणेकराला ही गोष्ट परकी वाटू नये. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याचा मार्ग पेशवाईतच वळवला गेला होता. पुढे शहर वाढले तसे पात्र आवळत गेले. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ओढा वस्त्यांत शिरला आणि माणसे वाहून गेली. जुन्या नकाशावर ओढ्याची रेघ शोधायला शिकवणे हा अभ्यासक्रमाचा पहिला धडा का असावा, हे त्यानंतर वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष वर्गात, म्हणजे स्टुडिओत, सुरुवात साध्या गोष्टींपासून होते. काचेच्या बरणीत जागेवरची मूठभर माती आणि पाणी घालून ती जोरात हलवायची आणि टेबलावर ठेवायची. वाळू मिनिटभरात तळाशी बसते. पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, बसायला काही तास लागतात. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. तीन थर पट्टीने मोजले की मातीचा पोत कळतो. मग जमिनीत लोखंडी कडे ठोकून त्यात पाणी भरतात आणि पातळी किती वेळात उतरते ते घड्याळ लावून पाहतात. बांधकामाच्या गाड्यांनी दाबलेल्या जागेत पाणी तसेच उभे राहते आणि दहा पावलांवरच्या जुन्या झाडाखाली बघता बघता मुरते. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी आराखड्यात फरशी टाकताना हात आखडता घेतो.

आकडेमोडही हिशेबाच्या वहीतली असते. एक हेक्टर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी होते. जागा काँक्रीटची असेल तर त्यातले सुमारे नव्वद टक्के वाहून जाते, म्हणजे दहा हजार लिटरचे ४५ टँकर. त्याच आवारात मे महिन्यात हिरवळीसाठी टँकर विकत आणले जातात.

संशोधनाची खरी कसोटी रचना पूर्ण झाल्यावर सुरू होते. टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या उत्तरेला द वुडलँड्स ही नगरी १९७०च्या दशकात मॅकहार्ग यांच्या संस्थेच्या आराखड्यानुसार वसू लागली. पाणी मुरवणारी माती मोकळी ठेवायची, घट्ट मातीवर बांधायचे आणि नैसर्गिक निचरा तसाच राखायचा, हे त्यामागचे सूत्र होते. पुढच्या टप्प्यांत ते सोडून नेहमीची नाल्या-पाइपांची व्यवस्था आली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधकांनी दोन्ही भागांची तुलना केली, तेव्हा जुन्या आराखड्याच्या भागातून पाणी कमी वाहून जाते असे आढळले. अशी मोजमापे नियमित व्हावीत म्हणून अमेरिकेतील लँडस्केप आर्किटेक्चर फाउंडेशनने २०१०च्या सुमारास प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक यांची पथके बांधून पूर्ण झालेल्या प्रकल्पांचा अभ्यास सुरू केला.

विद्यापीठाचे आवारच पाठ्यपुस्तक झाल्याचे उदाहरण चीनमधील शेनयांग जिआनझू विद्यापीठात आहे. पेकिंग विद्यापीठात शिकवणारे यू कोंगजियान (१९६३–२०२५) यांनी तिथे शोभेच्या बागेऐवजी भातखाचरे आखली. आवारात पडणारे पावसाचे पाणी साठवून भाताला दिले जाते. खाचरांमधून सरळ पायवाटा जातात आणि मध्ये वाचत बसायला चौक आहेत. लावणीला आणि कापणीला विद्यार्थी उतरतात. पिकलेला तांदूळ पिशव्यांत भरून पाहुण्यांना भेट दिला जातो. शहराने पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून साठवावे, या चीनच्या ‘स्पंज शहर’ धोरणामागेही यू यांचा विचार होता.

भारतात दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ पासून हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. तिथे अध्यापन केलेले मोहम्मद शहीर यांनी दिल्लीतील सुंदर नर्सरी या उद्यानाची पुनर्रचना आखली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात आणि पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालयातही पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. विद्यार्थी बहुधा पाच वर्षे वास्तुकला शिकून येतात. इमारत त्यांच्या हातात बसलेली असते, झाडाची मात्र नावानेच ओळख असते.

पुण्याला एक भाग्य लाभले आहे. शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पासष्टेक किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारांहून अधिक. एका दिवसाच्या सहलीत घाटमाथ्यावरचे सदाहरित रान, मावळातली भातखाचरे आणि पठारावरचा गवताळ माळ असे सगळे पायाखालून जाते. घाटातल्या देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात केला. कुठल्या जागी मूळ झाडोरा काय होता, हे शोधणाऱ्याला देवराई आजही साक्ष देते. उलट पुण्याच्या टेकड्यांवर मुळात गवत आणि विरळ मोई, सालई, गणेर, पांढरूख अशी झाडे असायची. तिथे मोठ्या प्रमाणावर लावलेल्या गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाने टेकडी हिरवी दिसते खरी, पण त्याच्या सावलीत मूळचे गवत मागे हटते. झाड लावले म्हणजे पर्यावरण राखले, हा समज विद्यार्थ्याच्या मनातून काढायला एक टेकडी पुरते.

मराठीत माळ, गायरान, शिवार, खाचर, ताल, पाणंद, डोह, ओहळ, मुरूम, चोपण हे शब्द जमिनीची प्रत सांगतात. चोपण म्हटले की पाणी मुरणार नाही हे शेतकऱ्याला कळते. हे शब्द सर्वेक्षणाच्या वहीत उतरले, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडून मिळणारी माहिती कोणत्याही उपग्रहचित्रापेक्षा नेमकी ठरते. अध्यापनात त्यांना अजून हक्काची जागा मिळालेली नाही.

अडचणी वेळापत्रकातच आहेत. दोन वर्षांच्या पदवीत विद्यार्थ्याला दोनच पावसाळे मिळतात, आणि त्याने आराखड्यात दाखवलेले वडाचे झाड भरायला पुढची तीस वर्षे लागतात. परीक्षेतली चित्रे नेहमी हिरवीगार असतात. त्याच जागेचे मे महिन्यातले चित्रही सक्तीचे असायला हवे.

व्यवसायाची घडी अजून कच्ची आहे. भारतीय भूदृश्यरचनाकारांची संघटना इसोला २००३ मध्ये स्थापन झाली. १९७२चा वास्तुविशारद कायदा मात्र फक्त वास्तुविशारदांची नोंदणी करतो. भूदृश्यरचनाकाराची स्वतंत्र वैधानिक नोंदणी नाही. त्यामुळे बहुतेक प्रकल्पांत त्याला बोलावणे येते ते इमारती उभ्या राहिल्यावर. तोवर वरची सुपीक माती उचलून नेलेली असते आणि ओहळ बुजवलेला असतो.